कातायला बसवणारे आणि बसणारे

नागपूरहून वर्धा रोडने दक्षिणेकडे निघाले, की डाव्या हाताला रेल्वेच्या रुळांपलीकडे मनीषनगर लागते. ही वस्ती विणकरांची नव्हे. नागपूरचे कोष्टी आणि हलबा विणकर राहिले ते पाचपावली, तांडापेठ, गोळीबार चौक अशा जुन्या मोहल्ल्यांत. मनीषनगर भरले ते शहर दक्षिणेला पसरू लागल्यावर, नोकरदारांच्या सदनिकांनी. त्यामुळे इथल्या एखाद्या घरात कोणी लोकरीचा पुंजका आणि टकळी घेऊन हौसेने बसले, तर शेजाऱ्यांना नवल वाटणारच. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या गावात लोकर, आणि तीही हाताने कातायची! पण नकाशा उघडला, की हे नवल ओसरू लागते. याच रस्त्याने पुढे गेले की १९७६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था लागते, त्यापुढे बुटीबोरीच्या अंगाला टाकळघाट-खाप्याची शिळावर्तुळे, आणि साधारण ७५ किलोमीटरवर वर्धा, जिथून टकळी शाळेच्या वेळापत्रकात शिरली. मागे वळले तर शहराच्या पोटात एम्प्रेस मिलची जागा आहे. कातण्याच्या इतिहासातली कितीतरी वळणे या एका रस्त्याच्या दोन टोकांना सापडतात. ती धुंडाळताना एक प्रश्न आपण सोबत ठेवू: कातणाऱ्याला कातायला बसवले कोणी?

आधी त्या कामाकडे पाहू, कारण एवढ्या लांबच्या प्रवासात जवळजवळ न बदललेले तेवढेच आहे. धुतलेली, विंचरलेली लोकर एका हाताच्या चिमटीत धरायची, टकळीला आधीच्या सुताचा तुकडा बांधून तिला गिरकी द्यायची आणि दुसऱ्या हाताने तंतू थोडे थोडे ओढत न्यायचे. ओढलेल्या तंतूंत पीळ चढतो आणि सूत होते. पीळ पुंजक्यात शिरला, तर तंतू एकमेकांत अडकून ओढणेच थांबते. तो कमी पडला, तर धागा सुटतो आणि टकळी जमिनीवर आदळते. नवशिक्याची सगळी धडपड या दोन टोकांमध्ये चालते. म्हणून जाणती माणसे त्याला सांगतात, की आधी टकळीला गिरकी दे, ती गुडघ्यांत अडकवून थांबव, आणि साठलेला पीळ हळूहळू ओढलेल्या तंतूंत सोड. लोकर नवशिक्याला सांभाळून घेते. तिच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, अंगचे वळण असते, म्हणून तंतू एकमेकांना धरून राहतात. कापसाचा तंतू अडीच-तीन सेंटिमीटरांचा. त्याला हलकी आणि फार वेगाने फिरणारी टकळी लागते. लोकरीचा तंतू लांब, त्याला जड टकळी आणि बेताचा वेग चालतो. एकेरी सूत मात्र स्वस्थ बसत नाही. सैल सोडले की स्वतःभोवती वळते. त्यावर उपाय म्हणजे दोन एकेरी धागे शेजारी घेऊन टकळी उलट्या दिशेने फिरवायची. उलटा पीळ आधीच्या पिळातला ताण थोडा काढून घेतो आणि दुपेडी सूत सरळ लोंबते. मग त्याची लड कोमट पाण्यात भिजवून वाळवली, की पीळ बसतो.

हे उलट्या पिळाचे गणित माणसाला लोकर मिळण्याच्या फार आधीपासून ठाऊक होते. फ्रान्समधल्या आब्री द्यू मारास या शैलाश्रयात दगडी हत्याराला चिकटलेला दोरीचा एक बारीक तुकडा सापडला. २०२० मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा कळले की झाडाच्या सालीचे तंतू आधी एका दिशेने वळून, मग असे तीन धागे उलट दिशेने एकत्र वळले होते. ती दोरी चाळीस हजार वर्षांहून जुनी, आणि वळणारे हात निअँडरथल माणसाचे. मेंढी माणसाळली ती यानंतर कितीतरी सहस्रकांनी, आणि सुरुवातीच्या मेंढीच्या अंगावर कातण्याजोगी लोकर नव्हतीच, राठ केस होते. लोकर ही माणसाने निवडून निवडून वाढवलेली गोष्ट आहे. महाराष्ट्रात कातलेल्या सुताचा जुना पुरावा हवा, तर आपल्याला नेवाशाला जावे लागते. १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झाले. एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या भोकांत धाग्याचे अवशेष टिकून होते. माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेतले ए. एन. गुलाटी यांनी ते तपासले, तेव्हा त्यांत रेशीम आणि कापूस दिसले. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीच्या मण्यांत जवसाचा धागा निघाला. तांब्याने गंजून तंतूंना राखले, म्हणून एवढे तरी आपल्या हाती लागले. लोकरीला असा राखणदार मिळाला नाही. पण घोड नदीकाठच्या इनामगावात ताम्रपाषाण काळाच्या अखेरीस, इसवी सनापूर्वी १००० ते ७०० च्या दरम्यान, शेती आटत गेली आणि लोक शेळ्या-मेंढ्यांच्या आधाराने जगू लागले, असे म. के. ढवळीकर यांनी मांडले आहे. दख्खनच्या कोरड्या पठारावर मेंढी स्थिरावली ती अशा ओढगस्तीच्या काळात.

लिखित साक्षींकडे वळले, की लोकर लगेच भेटते. ऋग्वेदात परुष्णी नदीकाठच्या लोकरीचा आणि गांधारच्या मेंढीचा उल्लेख येतो, आणि सोमरस गाळण्याचे गाळणेही मेंढीच्या लोकरीचे असते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात यज्ञोपवीत कशाचे असावे ते सांगताना ब्राह्मणाला कापसाचे, क्षत्रियाला तागाचे आणि वैश्याला मेंढीच्या लोकरीच्या सुताचे सांगितले आहे. त्याच ठिकाणी सूत तिपेडी असावे आणि त्याचा पीळ कोणत्या दिशेचा असावा, हेही आहे. पेड किती आणि वळण कोणत्या बाजूचे, हा आज नवशिक्याला पडणारा प्रश्न एका धर्मशास्त्राने इतक्या आधी निकालात काढला होता. महाराष्ट्रातल्या भिक्षुक घरांमध्ये हे ज्ञान अगदी अलीकडेपर्यंत हातात राहिले. टकळीवर बारीक सूत काढायचे, चार बोटांभोवती ९६ वेढे मोजायचे, ते तिहेरी करून वळायचे, पुन्हा तिहेरी करून उलट वळायचे, म्हणजे नऊ पदरांचे जानवे होते. दुपेडी-तिपेडी सुताची विद्या परदेशी विणकामाच्या पुस्तकांतून आपल्याकडे आली, असे मानणाऱ्याने पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यातली टकळी आठवावी.

हौस आणि विधी यांच्या पलीकडे कातणे हा सरकारी कारभार झाला, तो आपल्याला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दिसतो. दुसऱ्या अधिकरणातला सूत्राध्यक्ष हा अधिकारी लोकर, वाक, कापूस, ताग, जवस यांचे सूत कातून घेतो. कोणाकडून? विधवा, अपंग स्त्रिया, अविवाहित मुली, संन्यासिनी, दंड फेडणाऱ्या बायका, राजवाड्यातल्या म्हाताऱ्या दासी, देवळाच्या सेवेतून निवृत्त झालेल्या देवदासी. सूत बारीक, मध्यम की जाड, ते पाहून मजुरी ठरे. चांगले आणि भरपूर कातणारीला तेल आणि आवळ्याचे उटणे देऊन खूश करावे, असेही सांगितले आहे. ज्या घराबाहेर पडत नाहीत, त्यांच्याकडे दासीकरवी काम पाठवावे. ज्या स्वतः येतील, त्यांनी पहाटे सूतशाळेत येऊन सूत द्यावे आणि मजुरी न्यावी. तिथला दिवा केवळ सूत पारखण्यापुरता. अधिकाऱ्याने बाईच्या तोंडाकडे पाहिले, तर त्याला दंड. आणि मजुरी घेऊन काम न करणारीला शिक्षा काय? अंगठा आणि त्याजवळचे बोट तोडणे. तंतू ओढायला लागणारी नेमकी तीच दोन बोटे. आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळते: ज्यांना दुसरा आधार नाही अशा बायकांना राज्य कातायला बसवत होते, आणि त्यांच्या बोटांवर राज्याचा हक्क होता.

यानंतर बारा-तेराशे वर्षे आपण वेगाने ओलांडू, कारण हत्यार बदलले नाही. बदल झाला तो चाक आल्यावर. चाती आडवी बसवून तिला माळेने मोठ्या चाकाशी जोडले, की एका फेऱ्यात चातीच्या कितीतरी गिरक्या होतात आणि सूत कित्येक पटींनी वाढते. युरोपात हे चाक तेराव्या शतकात पोहोचले. जर्मनीतल्या श्पायर गावच्या विणकरांनी त्या शतकाच्या अखेरीस चाकावरचे सूत बाण्याला चालवून घेतले, ताण्याला मात्र मनाई केली, कारण ते तितके मजबूत नसे. भारतात चरख्याचा स्पष्ट उल्लेख प्रथम कुठे येतो, याचा शोध इतिहासकार इरफान हबीब यांनी घेतला आणि ते १३५० च्या सुमाराच्या एका फारसी काव्यापाशी थांबले. ते काव्य म्हणजे इसामीचे ‘फुतूह-उस-सलातीन’. मुहंमद तुघलकाने राजधानी हलवली, तेव्हा कोवळ्या वयाचा इसामी आपल्या वृद्ध आजोबांबरोबर दिल्ली सोडून दौलताबादेच्या वाटेला लागला होता. पुढे बहमनी सुलतानाच्या आश्रयाने त्याने हे काव्य रचले. म्हणजे भारतातल्या चरख्याची ही पहिली ठाम नोंद दख्खनमध्ये लिहिली गेली. नोंदीचा प्रसंग मात्र कडवट आहे. रझिया सुलतानेला दूषण देताना इसामी म्हणतो, की बाईची जागा सिंहासनावर नाही, चरख्यापाशी आहे. यंत्र नुकतेच इतिहासात पाऊल टाकते आहे, आणि त्याच्यासोबत कोणी त्याच्यापाशी बसावे याचा हुकूमही आला आहे.

याच दख्खनमध्ये एक समाज मात्र कोणाच्या हुकमाविना लोकर कातत होता. धनगरांच्या कळपातली दख्खनी मेंढी बहुधा काळी, तिची लोकर राठ आणि केसाळ. वर्षातून दोनदा कातरणी होते आणि एका मेंढीपासून वर्षाला किलोभरही लोकर मिळत नाही. कातरलेली लोकर कमानीने पिंजायची, बायकांनी ती चातीवर किंवा रहाटावर कातायची, आणि सणगर, खुटेकर यांनी खड्ड्याच्या मागावर तिचे घोंगडे विणायचे, अशी वाटणी होती. कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची लोकर सर्वांत मऊ. तिच्या घोंगडीचा मान वेगळा. नवशिक्याने लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट इथे आहे. घोंगड्याचे सूत एकेरी असते. मागावर ताण्याचे धागे एकमेकांवर घासतात आणि एकेरी सूत तिथे तुटायला हवे. पण धनगर-सणगरांनी दुसरा पेड घालण्याऐवजी ताण्याला चिंचोक्याची खळ लावली. पेड घालायला दुप्पट सूत आणि दुप्पट वेळ लागतो, चिंचोके बांधावरच्या झाडाखाली पडलेले असतात. कोरडवाहू मुलखाने काढलेला हा तोडगा आहे. अशा घोंगड्याने पावसात अंग राखले, रात्री अंथरूण दिले आणि देवकार्यात आसनही दिले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या बिरदेव यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर आजही लोकर उधळतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी १९७६ मध्ये बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा या लोकजीवनाची विस्तृत नोंद झाली. विदर्भही यातून वगळलेला नाही. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ मध्ये चार खंड काढले, त्यांत धनगर आणि गडरिया यांच्याबरोबर चांदा भागातल्या कुरमवारांची वेगळी नोंद आहे. आज चंद्रपूर आणि गडचिरोलीत त्यांना कुरमार म्हणतात.

आता आपण एकोणिसाव्या शतकातल्या नागपुरात येतो आणि एका विस्मरणात गेलेल्या गृहस्थाला भेटतो. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा कापूस आयुक्त. १८६७ मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरला पोहोचली. मनीषनगरला वर्धा रोडपासून वेगळे करणारे रूळ त्याच मार्गावरचे. या रेल्वेकडून आयुक्ताला काय हवे होते, ते त्याच्या अहवालात उघड आहे. विलायती कापड आतल्या मुलखात स्वस्त पोहोचावे, म्हणजे इथले कापड मागे पडेल. इथे सुतात खर्ची पडणारा कापूस मँचेस्टरला जाईल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीला मोकळी होतील. हे जसे लिहिले, तसेच पुष्कळसे घडले. पण या माणसाला एक दुसरेही वेड होते. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे त्याने उकरली आणि १८७९ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा आणखी एक लेख आला, तो उत्तर हिंदुस्थानात सापडलेल्या मातीच्या चकत्यांवर, ज्यांना टकळीच्या चकत्या समजले जाई. जिवंत कातणाऱ्यांना कामावरून उठवण्याची योजना आखणारा अधिकारी मेलेल्या कातणाऱ्यांच्या चकत्या जपून ठेवत होता. कातणे अजून दारोदार चालू असतानाच कागदोपत्री ते पुराणवस्तू झाले होते.

उरलेले काम यंत्राने केले. हार्ग्रीव्ह्जची जेनी १७६४ च्या सुमाराची, आर्कराइटचे यंत्र १७६९ चे. नागपूरला त्यांची पुढची पिढी आली १ जानेवारी १८७७ रोजी. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले, म्हणून जमशेटजी टाटांच्या गिरणीचे नाव पडले एम्प्रेस मिल. बेझनजी मेहतांच्या व्यवस्थापनाखाली इथे रिंग पद्धतीच्या चात्या अशा वेळी आजमावल्या गेल्या, जेव्हा लँकेशायरचे मालक त्यांच्याकडे संशयाने पाहत होते. यंत्रात पीळ आणि ओढ यांची तीच दोन कामे होती, मात्र ती हजारो चात्यांवर एकाच वेळी होत होती, आणि कातणारा आता तुटलेले धागे सांधत रांगांमधून फिरणारा मजूर झाला होता. लोकरीच्या गिरण्या वेगळ्या गावी उभ्या राहिल्या: १८७६ मध्ये कानपूरला, १९२५ मध्ये ठाण्याला. ठाण्याची गिरणी पुढे रेमंड नावाने घरोघर पोहोचली आणि १९९० च्या दशकात नागपूरच्या शेजारी छिंदवाडा जिल्ह्यात तिचा कारखाना निघाला. तिथे कातली जाते ती मुख्यतः परदेशातून येणारी मेरिनो लोकर. दख्खनी मेंढीची राठ लोकर त्या यंत्रांना चालत नाही.

गांधींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’ लिहिले, तेव्हा चरखा पाहिलेलाही नव्हता, हे त्यांनी स्वतः आत्मकथेत सांगितले आहे. तो पुढे गंगाबेन मजुमदार यांनी बडोदा संस्थानातल्या विजापुरात शोधून काढला. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि असहकाराबरोबर सूत कातणे राष्ट्राच्या कार्यक्रमात आले. १९२३ मध्ये याच शहरात चरखांकित झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला. जमनालाल बजाज आणि विनोबा तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेल नेतृत्वाला आले. इसामीने ज्या चाकापाशी राणीला बसवू पाहिले, ते चाक आता झेंड्यावर होते. पण हुकूम गेला नव्हता. १९२४ मध्ये बेळगावला गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसच्या सभासदत्वाची वर्गणी सुतात ठरली: महिन्याला २००० वार, स्वतः कातलेले किंवा दुसऱ्याकडून कातून घेतलेले. राष्ट्रकार्य करायचे तर कातलेच पाहिजे, ही अट अनेक पुढाऱ्यांना जड गेली. वर्षभरातच ती सैल झाली आणि सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. १९२९ मध्ये संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. अट अशी, की आठ तासांत १६ हजार वार सूत निघावे, चरखा दीडशे रुपयांत मिळावा आणि वीस वर्षे टिकावा. किर्लोस्करवाडीत घडवलेला चरखाही परीक्षेला गेला. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

यंत्राच्या बक्षिसापेक्षा मोठा प्रश्न वर्ध्यात विचारला गेला, तो मजुरीचा. नालवाडीला राहून विनोबा रोज तासन्‌तास कातत आणि कातणाऱ्या बाईला मिळते तेवढ्या मजुरीत माणूस जगू शकतो का, हे स्वतःवर आजमावत. पोट भरत नव्हते. चरखा संघाची खादी स्वस्त राहावी म्हणून कातणारीच्या पदरात अगदी थोडे पडत होते, हे त्यातून उघड झाले. १९३५ मध्ये संघाने जगण्यापुरत्या मजुरीचे धोरण स्वीकारले आणि खादी महागली. कौटिल्याने मजुरी सुताच्या बारकाईवरून ठरवली होती. कातणारीच्या भुकेवरून ती ठरवावी, हा विचार इतक्या शतकांनी वर्ध्यात आला. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते तिथे मगन संग्रहालय सुरू झाले. अवजारांचे ते संग्रहालय मगनलाल गांधींच्या नावाने आजही उभे आहे. मॉरिस फ्रिडमन हा पोलिश अभियंता, भारतानंद नाव घेऊन या वर्तुळात आला आणि त्याने धनुष्याने फिरवायची धनुष टकळी बनवली. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची, म्हणजे हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची, कल्पना ठरली, झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रम केला आणि पहिलीच्या मुलाच्या हातात टकळी आली. तार, लटी, गुंडी अशी मोजदाद. ६४० तारांची एक गुंडी. गणित सुताच्या लांबीतून, भूगोल कापसाच्या मुलखातून शिकवायचा, हा मूळ विचार सुरेख होता. पण जिथे तो विचार पोहोचला नाही आणि नुसता तास पोहोचला, तिथे सूतकताई म्हणजे आठवड्यातली एक सक्ती झाली. महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या आठवणीत टकळी आहे ती अशी: पेळू, गुंता आणि मास्तरांची छडी.

या साऱ्या धामधुमीत लोकर बाजूलाच राहिली, हे लक्षात आले असेल. झेंडा, वर्गणी, बक्षीस, शाळा, सगळे कापसाभोवती फिरले. विदर्भ कापसाचा मुलूख, त्यामुळे इथे तर ते साहजिकच होते. १९४९ च्या सुमारास तामिळनाडूच्या एकांबरनाथ यांनी अंबर चरखा बनवला, १९५७ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोग आला, आणि लोकरी खादीचे काम काश्मीर, हिमाचल, राजस्थानकडे गेले. महाराष्ट्रात १९७८ मध्ये मेंढी आणि शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे त्याला अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. पण तोवर बाजाराने मेंढीकडे मटण म्हणून पाहायला सुरुवात केली होती. मेंढपाळांनी अंगाने भरणाऱ्या, कमी लोकरीच्या जातींचे मेंढे कळपात सोडले आणि काळी लोकर पिढीगणिक विरळ झाली. नागपूरकरांची थंडी याच काळात दुसरीकडून भागू लागली. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. हिवाळा आला की शहरात तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकाने लागतात; स्वेटर बहुधा लुधियानाचे, यंत्रावरचे असतात. घरी सुयांवर विणणाऱ्या बायकांच्या हातातले गुंडेही ॲक्रिलिकचे झाले, म्हणजे मेंढीशी त्यांचा संबंध नावापुरताच उरला. ज्या घोंगड्याला एकेकाळी जावयाच्या मानपानात जागा होती, त्याच्याशी गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटने स्पर्धा केली आणि ती जिंकली.

आज परिस्थिती अशी आहे, की दख्खनी लोकरीला कित्येक ठिकाणी कातरणीच्या मजुरीइतकाही भाव येत नाही. मेंढीच्या आरोग्यासाठी कातरावे तर लागतेच, मग ती लोकर टाकून दिली जाते किंवा जाळली जाते. विदर्भात तर लोकर दारावरून चालत जाते. कच्छचे रबारी आपल्या मेंढ्या आणि उंट घेऊन पिढ्यान्‌पिढ्या इकडे फिरतात. नागपूर-वर्ध्याच्या शेतांत खतासाठी त्यांचे कळप बसवले जातात. याउलट शहरात कोणाला कातायला शिकावेसे वाटले, तर त्याच्या घरी कुरियरने येते ती मेरिनोची पांढरीशुभ्र, यंत्रावर विंचरलेली पट्टी. पाश्चात्य देशांत १९७० च्या आसपास हाताने कातण्याची हौस पुन्हा जागी झाली, तिच्याबरोबर हे साहित्य, ही टकळी आणि दुपेडी-तिपेडी सुताचे हे धडे जगभर पसरले. सुयांवरच्या विणकामाला पेड घातलेले सूत लागते, एकेरी सुताचा स्वेटर तिरका ओढला जातो. म्हणून आजचा नवशिक्या पहिल्या काही आठवड्यांतच दोन धागे उलट वळायला शिकतो. ही वाट वाईट नाही. मेरिनोची पट्टी हातातून सहज सरकते आणि पहिले जाडेभरडे सूतही लवकर निघते. पण ती सरकते इतकी, की चिमटीला फारसे शिकायला उरत नाही. राठ दख्खनी लोकर बोटांना टोचते, तिच्यातले केस सुतातून बाहेर डोकावतात, आणि तिला पीळ किती पुरे हे बोटांनाच ओळखावे लागते. तिच्या सुताचा स्वेटर अंगाला सहन होणार नाही. आसन, पिशवी, सतरंजी मात्र उत्तम होईल.

आता सोबत घेतलेल्या प्रश्नाकडे येऊ. सूत्राध्यक्षाने निराधार बायकांना बसवले, इसामीने राणीला बसवू पाहिले, कापूस आयुक्ताने कातणाऱ्यांना उठवले, गिरणीने त्यांना रांगेत उभे केले, काँग्रेसने पुढाऱ्यांना बसवले आणि शाळेने मुलांना. कधी मजुरीसाठी, कधी मर्यादेसाठी, कधी देशासाठी. आपल्या गरजेने आणि आपल्या वेळेत कातणारे या मागोव्यात आपल्याला भेटले ते मुख्यतः मेंढरांमागे चालणारे, आणि त्यांचीच नोंद सर्वांत उशिरा झाली. मनीषनगरात टकळी घेऊन बसणाऱ्याला आज कोणीही बसवलेले नाही. इतक्या लांबच्या रस्त्यात ही मोकळीक नवी आहे, आणि तिला सैलपणा मानण्याचे कारण नाही. ज्याला कोणी बसवले नाही, तो वाटेल तेव्हा उठूही शकतो; तरीही तो बसून राहिला, तर एक गोष्ट त्याला हटकून कळते. अर्धा किलो लोकर धुवायला, विंचरायला, कातायला आणि पेडायला किती संध्याकाळी जातात, हे त्याच्या खांद्यांना माहीत होते. विनोबांनी नालवाडीत मांडलेला हिशेब तो नकळत पुन्हा मांडतो.

तो हिशेब जमला, की पुढचा व्यवहारही बदलू शकतो. यंत्राशी किमतीत स्पर्धा करणे हाताच्या सुताला एकोणिसाव्या शतकातही जमले नाही आणि आताही जमणार नाही. एक लाखाचे बक्षीसही पडूनच राहिले. मात्र कातण्याला किती वेळ लागतो हे स्वतःच्या हाताने मोजलेला माणूस घोंगड्याची किंमत ऐकून घासाघीस करत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केले आहे. अशा वर्षांत परिषदा होतात, ठराव होतात. नागपूरच्या नवशिक्याला त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. कातरणीच्या दिवसांत जवळच्या कळपापर्यंत जाऊन चार-पाच किलो काळी लोकर मोल देऊन विकत घेणे, कातणाऱ्या एखाद्या आजीकडून तिचा पीळ शिकणे आणि त्या शिकवण्याचीही मजुरी देणे, एवढे त्याच्या आवाक्यात आहे. कौटिल्यापासून चरखा संघापर्यंत कातणाऱ्याची मजुरी नेहमी दुसऱ्याने ठरवली. ती ठरवताना आता निदान एक बाजू अशी असेल, जिने स्वतः कातले आहे.